मधुमेहाच्या नव्या औषधाची किंमत कशी तपासावी : घरच्या वहीतला हिशेब

आईला मधुमेह होऊन अठरा वर्षे झाली आहेत, आणि माझी सगळी नोकरी हिशेबतपासणीत गेलेली असूनही तिच्या औषधांचा हिशेब मी गेल्या उन्हाळ्यापर्यंत एकदाही तपासला नव्हता. एका दुपारी कूलरसमोर बसून मी तिच्या औषधांचा डबा सतरंजीवर रिकामा केला, सगळ्या स्ट्रिप उलट्या करून ओळीने मांडल्या आणि चष्मा लावून मागची अक्षरे वाचली. एका स्ट्रिपवर व्हिल्डाग्लिप्टिन होते, दुसरीवर सिटाग्लिप्टिन. पहिले औषध शुगरच्या डॉक्टरांचे होते आणि दुसरे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सुटी देताना रुग्णालयाने लिहिलेल्या चिठ्ठीवरचे. ही दोन्ही औषधे एकाच गटातली आणि एकच काम करणारी असून ती एकत्र घेतल्याने जास्तीचा फायदा होत नाही. सात महिने आम्ही एकाच कामाची मजुरी दोघांना देत होतो. डॉक्टरांना दाखवल्यावर त्यांनी एक गोळी बंद केली, आणि त्या दिवसापासून मी जी वही ठेवली आहे, तिच्यातील रकाने कसे भरायचे हे येथे क्रमाने सांगत आहे.

पहिला रकाना मूळ औषधाच्या नावाचा आहे. ब्रँडचे नाव कंपनीने ठेवलेले असते, त्यावरून आत काय आहे ते कळत नाही. मूळ नावावरून मात्र गट लगेच ओळखता येतो. शेवटी ‘ग्लिप्टिन’ असेल तर तो सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांचा गट. शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल तर लघवीवाटे साखर बाहेर टाकणारा, डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन यांचा गट. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही आठवड्यातून एकदा टोचण्याची, भूक कमी करणारी नवी इंजेक्शने आहेत. सेमाग्लुटाइडची रोज घ्यायची गोळीही मिळते. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ही जुनी, स्वस्त आणि आजही उपचाराच्या पायाशी असलेली औषधे आहेत. एकाच गोळीत दोन किंवा तीन औषधे असतील, तर ती सगळी नावे आणि प्रत्येकाची मात्रा वेगवेगळ्या ओळींत लिहावी, कारण दुबार औषध बहुतेक वेळा अशा जोडगोळीतच दडलेले असते.

दुसरा रकाना पेटंटचा आहे, आणि किमतीचे खरे कोडे येथेच सुटते. भारतात 1 जानेवारी 2005 पासून औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळू लागले. त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे असते. तेवढ्या काळात तो रेणू दुसऱ्या कोणाला बनवता येत नाही, आणि मुदत संपली की डझनावारी भारतीय कंपन्या तेच औषध घेऊन बाजारात उतरतात. व्हिल्डाग्लिप्टिनचे पेटंट डिसेंबर 2019 मध्ये संपले, डापाग्लिफ्लोझिनचे ऑक्टोबर 2020 मध्ये, सिटाग्लिप्टिनचे जुलै 2022 मध्ये, लिनाग्लिप्टिनचे ऑगस्ट 2023 मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च 2025 मध्ये. या शेवटच्या औषधाचे उदाहरण घ्या : मूळ कंपनीची गोळी 60 रुपयांच्या आसपास पडत होती, पेटंट संपताच भारतीय कंपन्यांची 10 मिलिग्रॅमची गोळी साडेपाच रुपयांपासून मिळू लागली. कच्चा माल एका रात्रीत स्वस्त झाला नव्हता आणि कामगारांचे पगारही उतरले नव्हते. एकाधिकार संपला होता, एवढेच.

सेमाग्लुटाइडच्या भारतातील मूळ पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतची होती आणि भारतीय कंपन्या त्याच्या कितीतरी आधीपासून तयारीत होत्या. त्यामुळे हे इंजेक्शन कोणी नव्याने लिहून देत असेल, तर मूळ कंपनीचेच हवे की भारतीय कंपनीचे चालेल, हा प्रश्न चिठ्ठी हातात पडण्यापूर्वीच विचारावा. टिर्झेपेटाइडचे तसे नाही. त्याचा एकाधिकार पुढच्या दशकापर्यंत आहे. एली लिली या अमेरिकी कंपनीने मार्च 2025 मध्ये ते ‘मौंजारो’ या नावाने भारतात आणले, तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत 3,500 रुपये आणि पाच मिलिग्रॅमची 4,375 रुपये होती. आठवड्याला एक कुपी धरली तर महिन्याला 14,000 ते 17,500 रुपये होत होते. आमच्या नागपुरात सक्करदऱ्यात किंवा मानेवाड्यात दोन खोल्यांचे भाडे भरून यातून काही रक्कम हातात उरली असती.

एवढी किंमत कशासाठी, असे विचारले की संशोधनाकडे बोट दाखवले जाते. संशोधनाचा खर्च खोटा नाही, आणि एका यशस्वी औषधामागे फसलेल्या अनेक औषधांचाही खर्च असतो, हे मान्य केले पाहिजे. पण हिशेबनिसाने शब्दांऐवजी नफा-तोट्याचे पत्रक वाचावे. सेमाग्लुटाइड बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्क या डॅनिश कंपनीची 2023 सालची विक्री सुमारे 232 अब्ज क्रोनर होती आणि निव्वळ नफा सुमारे 84 अब्ज क्रोनर. म्हणजे विक्रीच्या दर 100 क्रोनरपैकी मालाच्या उत्पादनाला साधारण 15, विक्री व वितरणाला 24, संशोधन व विकासाला 14 आणि निव्वळ नफ्याला 36. उरलेले कर आणि कार्यालयीन खर्च यांत गेले. औषध शोधण्यापेक्षा ते खपवण्यावर जास्त खर्च झाला, हे त्यांच्याच आकड्यांतून निघते. अमेरिकेत या इंजेक्शनची छापील किंमत महिन्याला 900 डॉलरच्या वर असताना, येल विद्यापीठातील व इतर संशोधकांनी मार्च 2024 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार त्याचा उत्पादनखर्च महिन्याला 1 डॉलरहून कमी ते 5 डॉलरहून कमी एवढाच बसतो. याच आजाराच्या इतिहासातला दुसरा आकडा यासमोर ठेवावासा वाटतो : इन्सुलिनचे पेटंट शोधकर्त्यांनी 1923 मध्ये टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले होते.

पेटंट कायद्यात सक्तीच्या परवान्याची, म्हणजे पेटंट चालू असतानाही दुसऱ्या कंपनीला ते औषध बनवू देण्याची, तरतूद आहे आणि 2012 मध्ये कर्करोगाच्या एका औषधासाठी ती वापरलीही गेली. त्यामुळे महिन्याला 2,80,000 रुपयांचे औषध 8,800 रुपयांवर आले. मधुमेहाच्या सॅक्साग्लिप्टिनसाठी तसाच अर्ज झाला, तो जानेवारी 2016 मध्ये फेटाळला गेला, कारण त्याच गटातली इतर औषधे बाजारात उपलब्ध होती. पेटंट कार्यालयाचे हे कारण रुग्णाने आपल्या कामासाठी उलटे वापरावे. तुमच्या गोळीचे पेटंट चालू असेल, तर त्याच गटातले पेटंट संपलेले औषध तुम्हाला चालते का, हे डॉक्टरांना विचारावे.

तिसऱ्या रकान्यात रोजचा खर्च येतो. येथे बहुतेकांची फसगत होते ती सुटीमुळे, म्हणजे दुकानदार देतो त्या डिस्काउंटमुळे. समजा एका ब्रँडची 10 गोळ्यांची स्ट्रिप 150 रुपयांची आहे आणि दुकानदार 20 टक्के सूट देतो. गोळी 12 रुपयांना पडली. दुसऱ्या ब्रँडची 15 गोळ्यांची स्ट्रिप 120 रुपयांची आहे आणि सूट शून्य. गोळी 8 रुपयांना पडली. घरी येऊन सांगताना मात्र आपण पहिल्याच दुकानाचे कौतुक करतो. स्ट्रिपमध्ये 10, 14 किंवा 15 अशा वेगवेगळ्या संख्येने गोळ्या असतात, म्हणून स्ट्रिपच्या किमतीची तुलना कधीही करू नये. सूट वजा करून राहिलेली रक्कम गोळ्यांच्या संख्येने भागावी, दिवसाच्या गोळ्यांनी गुणावी आणि तोच आकडा वहीत लिहावा. छापील किमतीत जीएसटी धरलेलाच असतो. बिलात तो वरून लावला असेल तर पैसे परत मागावेत. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीच्या वर्षीची बिले जवळ असतील तर तुलना करताना एवढा फरक लक्षात घ्यावा.

मोठी सूट देणे दुकानदाराला परवडते, कारण पेटंट संपलेल्या कित्येक औषधांवर छापील किंमत आणि खरेदीची किंमत यांत भरपूर अंतर असते. गांधीबागेतल्या ठोक दवा बाजारात ज्याचा एखादा नातेवाईक काम करतो, त्याला हे सांगावे लागत नाही. म्हणजे पेटंट संपले की कंपन्या संत होतात असे नाही. नफा डेन्मार्कमधून निघून थोडा भारतीय कंपनीकडे, थोडा ठोक व्यापाऱ्याकडे आणि थोडा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो. (बाहेरगावच्या वाचकांसाठी : नागपुरात ‘मेडिकल’ म्हणजे औषधाचे दुकानही आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही. ‘मेडिकलमधून गोळ्या आणल्या’ या वाक्याने आमच्या घरात अनेकदा गोंधळ झाला आहे.) डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावर कंपन्यांचा होणारा खर्च हाही शेवटी याच किमतीत मिसळलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये अशा खर्चावर प्राप्तिकराची वजावट नाकारली, आणि मार्च 2024 मध्ये केंद्राने औषध विपणनाची आचारसंहिता काढली.

सरकारने किंमत बांधून दिलेली औषधे कोणती, हे वहीत वेगळ्या खुणेने दाखवावे. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांना कमाल किंमत ठरते. 2022 च्या यादीत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, साधे आणि मिश्र इन्सुलिन होतेच. इन्सुलिन ग्लार्जिन आणि टेनेलिग्लिप्टिन यांची त्या वर्षी भर पडली. ही मर्यादा यादीत दिलेल्या मात्रेला आणि स्वरूपाला लागू होते, हे विसरू नये. यादीबाहेरच्या बहुतेक औषधांची किंमत कंपनीच ठरवते. तिच्यावर बंधन एवढेच की बारा महिन्यांत 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करता येत नाही. म्हणून जोडगोळी आणि तीच औषधे सुटी घेतल्यास होणारा खर्च यांची तुलना एकदा अवश्य करावी. माझ्या आईच्या बाबतीत सुट्या गोळ्या स्वस्त पडल्या, पण गोळ्यांची संख्या वाढल्यामुळे तिने संध्याकाळची गोळी दोनदा चुकवली, आणि आम्ही मुकाट्याने जोडगोळीवर परत आलो. मेटफॉर्मिनची हळूहळू विरघळणारी गोळी साध्या गोळीने परस्पर बदलू नये आणि ती कुटूनही देऊ नये. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या मोफत अ‍ॅपवर ब्रँडचे किंवा मूळ औषधाचे नाव टाकले की किमती दिसतात, त्यामुळे हा रकाना भरायला अर्धा तास पुरतो.

डॉक्टरांसमोर काय बोलायचे, हे मला सर्वांत अवघड गेले. धंतोली-रामदासपेठेतील गजबजलेल्या दवाखान्यात आपला क्रमांक येतो तेव्हा बाहेर तीस माणसे बसलेली असतात, आणि अशा वेळी पैशाचा विषय काढायला संकोच वाटतो. मी वहीचे एकच पान उघडून पुढे ठेवतो आणि विचारतो, “डॉक्टरसाहेब, यातली कोणती गोळी हृदयासाठी किंवा किडनीसाठी आहे आणि कोणती फक्त साखरेसाठी?” या एका प्रश्नाने बरेच काम होते. ग्लिफ्लोझिन गटातील औषधे हृदय कमकुवत झालेल्या आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णांना साखरेपलीकडचा फायदा देतात; तेथे दहा रुपये वाचवण्यासाठी औषध सोडणे म्हणजे पुढच्या मोठ्या खर्चाला बोलावणे. उलट, फक्त साखर आटोक्यात ठेवण्यासाठी एखादे महाग औषध चालू असेल आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसी तपासणीत त्याचा फरक दिसत नसेल, तर ते चालू ठेवायचे कारण डॉक्टरांनी सांगितले पाहिजे. नवे औषध सुरू करताना ते किती महिन्यांनी तपासायचे आणि कोणता आकडा आला तर थांबवायचे, हेही त्याच वेळी विचारून पानाच्या खाली लिहून घ्यावे. आठवड्याच्या इंजेक्शनबाबत हे फार गरजेचे आहे, कारण ते बंद केल्यावर उतरलेले वजन पुष्कळांचे परत वाढते. चार महिने परवडेल आणि पाचव्या महिन्यात सोडावे लागेल, अशा बेताने ते सुरू करण्यात अर्थ नाही.

चिठ्ठीवर मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे, अशी विनंती निःसंकोच करावी. त्याचे कारण व्यवहारातले आहे : चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल तर तेच घटक असलेला दुसरा ब्रँड परस्पर देण्याची मुभा कायदा औषधविक्रेत्याला देत नाही. “भाऊ, यातलं स्वस्तातलं द्या” असे आपण कितीही म्हटले तरी तो निर्णय चिठ्ठीवरच व्हायला हवा. आणि ब्रँड बदलल्यावर पहिले दोन आठवडे घरी साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासावी. मनातली शंका वहीत आकड्यांनी उतरली की ती एकतर मिटते किंवा डॉक्टरांना दाखवण्याजोगी होते.

खरेदीसाठी सर्वप्रथम जनऔषधी केंद्र पाहावे. शहरात ती आता बऱ्याच वस्त्यांत आहेत आणि ‘जनऔषधी सुगम’ या अ‍ॅपवर जवळचे केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही दिसतात. सिटाग्लिप्टिनचे पेटंट संपल्यावर सप्टेंबर 2022 मध्ये या केंद्रांत 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 60 रुपयांना आणि 100 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 100 रुपयांना आल्या, तेव्हा नावाजलेल्या ब्रँडचे भाव त्याच्या दुपटीहून अधिक होते. अडचण साठ्याची असते. आमच्या जवळच्या केंद्रात एखादे औषध एका महिन्यात मिळते आणि पुढच्या महिन्यात नसते. म्हणून गोळ्या संपायच्या दहा दिवस आधीच फोन करावा, कारण शेवटच्या दिवशी माणूस मिळेल त्या दुकानात मिळेल त्या भावाने घेतो.

इन्सुलिनचा हिशेब गोळीसारखा होत नाही. तो युनिटवर करावा लागतो. 10 मिलिलिटरच्या कुपीत दर मिलिलिटरला 40 युनिट, म्हणजे एकूण 400 युनिट असतात. पेनमध्ये घालायच्या 3 मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये दर मिलिलिटरला 100, म्हणजे एकूण 300 युनिट असतात. (40 आणि 100 युनिटच्या सिरिंज वेगळ्या असतात, 40 च्या कुपीला 40 ची सिरिंजच वापरावी, नाहीतर मात्रा चुकून जिवावर बेतू शकते.) कुपी स्वस्त दिसते, पण उघडलेले इन्सुलिन साधारण चार आठवड्यांत संपवायचे असते, नेमकी मुदत आतल्या पत्रकात पाहावी. समजा कुपी 160 रुपयांची आहे. वरवर पाहता युनिट 40 पैशांना पडले. पण रुग्णाला दिवसाला 8 युनिटच लागत असतील, तर 28 दिवसांत 224 युनिट वापरले जातात आणि 176 फेकले जातात. खरा भाव युनिटला 71 पैसे झाला. मात्रा कमी असणाऱ्याने कार्ट्रिजचा हिशेब याच रीतीने मांडून पाहावा आणि त्यात सुयांचा खर्चही धरावा. ग्लुकोमीटरचेही असेच असते : यंत्र स्वस्तात किंवा फुकट देतात आणि पैसे त्याच्या पट्ट्यांत वसूल करतात, तेव्हा यंत्र घेण्यापूर्वी एका पट्टीची किंमत विचारावी.

विदर्भात याला उन्हाळ्याची जोड मिळते. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचे असते आणि वापरात असलेले 30 अंशांच्या आत. मे महिन्यात आमच्या घरातल्या भिंतीसुद्धा दुपारी त्याहून गरम असतात. आम्ही एका मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात छोटे झाकणाचे मडके बसवतो, त्यात वापरातली इन्सुलिनची कुपी कोरड्या डब्यात ठेवतो आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडतो. वीज गेली तरी हे चालते. फ्रिजमध्ये ठेवायचे असेल तर बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. दुकानातून आणताना बर्फाच्या पाकिटासह मागावे, आणि एप्रिल-मे-जूनमध्ये घरपोच मागवलेले इन्सुलिन गरम लागले तर घेऊच नये. स्कूटरच्या डिक्कीत तासभर राहिलेली कुपी बाहेरून अगदी पहिल्यासारखी दिसते, पण आतले इन्सुलिन बिघडलेले असू शकते. साखर का उतरत नाही याचा शोध घेत आपण मात्रा वाढवत राहतो आणि मग नवे, महाग औषध चिठ्ठीवर येते.

बिले जपून ठेवावीत. ज्येष्ठ नागरिकाचा आरोग्यविमा नसेल आणि प्राप्तिकर जुन्या पद्धतीने भरला जात असेल, तर वर्षाला 50,000 रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची वजावट मिळते. मात्र पैसे रोखीने दिलेले चालत नाहीत, म्हणून औषधे यूपीआयने किंवा कार्डाने घ्यावीत. छापील किमतीपेक्षा किंवा सरकारने ठरवलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त घेतल्याचे दिसले, तर बिलाचे आणि स्ट्रिपच्या मागच्या बाजूचे छायाचित्र काढून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी, किंवा किंमत प्राधिकरणाच्या 1800 111 255 या मोफत क्रमांकावर फोन करावा. छायाचित्रात बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख स्पष्ट दिसली पाहिजे. गोळ्या कापून विकलेल्या असतील तर नेमका तोच तुकडा दुकानात राहिलेला असतो, म्हणून सुट्या गोळ्या घेताना मी दुकानदाराला बॅच क्रमांक बिलावर लिहायला सांगतो.